देवबागची २२ फुटी होडी: दोनदा केलेल्या रंगाची हकीकत

मे महिन्याच्या शेवटी होडी वर ओढली, तेव्हा नाळेजवळचा, म्हणजे पुढच्या टोकाजवळचा, सुटलेला रंग मी नखाने उचलला. पोस्टकार्डाएवढा पापुद्रा अख्खा हातात आला. उलटा करून उन्हात धरला तर मागची बाजू आरशासारखी गुळगुळीत. जिथून तो निघाला तिथला जेलकोट, म्हणजे फायबरचा मूळचा वरचा थर, तोही तसाच चकचकीत. दोन वर्षं हा रंग होडीवर नुसता पांघरुणासारखा पडून होता, होडीला त्याने धरलं कधीच नव्हतं.

काका शेजारी उभे होते. होडी त्यांची. "पैशे पाण्यात गेले," एवढंच म्हणाले.

होडी फायबरची, २२ फूट लांब, सहा फुटांच्या आतबाहेर रुंद, वय १४ वर्षं. पावसाळा सरला की ती मालवणजवळ देवबागला, कर्लीच्या खाडीत नांगरावर उभी राहते ती मे अखेरपर्यंत. सकाळी डॉल्फिन बघायला पर्यटक, एरवी घरापुरती मासेमारी. पावसाचे महिने ती मांगरात, म्हणजे होडीच्या छपराखाली. दोन वर्षांपूर्वी काकांनी ती एका गाड्या रंगवणाऱ्या कारागिराकडून रंगवून घेतली होती. माणूस हाताने चांगला. गाडीला मारतात तोच दोन डब्यांचा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग, म्हणजे एका डब्यातला रंग आणि दुसऱ्यातलं हार्डनर कालवून मारायचा, त्याने वरच्या कडेपासून तळापर्यंत एकसारखा मारला आणि पहिल्या हंगामात होडी खरोखर देखणी दिसली. मी स्वतः तिचं कौतुक केलं होतं, म्हणून पुढचं लिहिताना जपून लिहितो आहे. चूक हाताची नव्हती. गाडी उभी असते हवेत आणि होडी उभी असते पाण्यात, हा फरक डबा घेताना कोणाच्या मनात आला नाही.

काय बिघडलं होतं

रंग सुटला की माणसं पहिल्यांदा डब्याला दोष देतात. मी आधी पापुद्र्याची मागची बाजू बघतो. मागे अस्तर (रंगाखालचा प्रायमर) चिकटून आलं असेल तर अस्तराने होडीला धरलं नाही. अस्तर होडीवर राहिलं असेल तर वरच्या रंगाने अस्तराला धरलं नाही. जेलकोटाची भुकटी मागे आली असेल तर रंगाने आपलं काम केलं, खालचाच थर कुजका होता. इथे मागची बाजू आरसा होती. काकांना विचारलं, "पॉलिश मारत होतात का?" दर दिवाळीला गाडीचं वॅक्स मारत होते, होडी चमकावी म्हणून. रंगवण्याआधी त्या कारागिराने अंग घासलं होतं, पण वॅक्स न काढता. असं घासलं की पॉलिश पेपर वॅक्सला काढत नाही, प्रत्येक ओरखड्यात दाबून भरतो. नाळेजवळच्या वळणावर तर पेपर धड लागलाच नव्हता.

पाण्याच्या रेघेखाली दुखणं वेगळं होतं. तिथे फोड होते, मुगापासून आठ आण्याच्या जुन्या नाण्याएवढे. डोळ्यांना चष्मा लावून एकेक फोडले. बहुतेकांतून साधं पाणी निघालं आणि खाली जेलकोट शाबूत. हे रंगाचे फोड. दोन डब्यांचा पीयू ऊन आणि खारा वारा उत्तम सोसतो, पण महिनोन् महिने पाण्यात बुडून राहणं त्याला मानवत नाही. पाणी हळूहळू आत झिरपतं आणि जिथे पकड कच्ची तिथे साठतं. शिवाय खड्डे भरायला गाडीचीच लांबी (पुटी) वापरली होती. त्या लांबीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी पिते. तळाला लांबी भरलेल्या जागी बोट दाबलं तर ओल्या खडूसारखी लागत होती.

पण मागच्या फळीजवळ सात-आठ फोड निराळे निघाले. सुरीचं टोक लावताच पिवळट तपकिरी, चिकट पाणी उडालं. वास व्हिनेगरचा. मुलीच्या शाळेच्या प्रयोगवहीत उरलेला निळा लिटमस कागद त्यावर टेकवला, तो लाल झाला. हे फायबरच्या अंगातलं दुखणं, ऑस्मोसिस. जेलकोट म्हणजे अर्धा-पाऊण मिलिमीटरचा पॉलिएस्टर रेझिनचा थर. तो पाणी अडवतो, पण पूर्ण अडवत नाही. आत गेलेलं पाणी रेझिनमधले सुटे, विरघळणारे अंश विरघळवतं. आतला द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट होतो, म्हणून आणखी पाणी ओढतो, आणि दाब वाढून जेलकोट फुगतो. गोड्या पाण्यात हे जास्त होतं, कारण आतबाहेरच्या दाटपणातला फरक जास्त असतो. पावसाळ्यानंतर बरेच आठवडे कर्लीचं पाणी निमगोडं असतं आणि होडी नेमकी तेव्हाच पाण्यात उतरते. उघड्या समुद्रात उभ्या राहणाऱ्या होड्यांपेक्षा खाडीतल्या होडीच्या तळाची काळजी जास्त घ्यावी असं मी म्हणतो, ते यासाठी.

सुकवणं, म्हणजे अर्धं काम

जूनमध्ये जुना रंग पूर्ण काढला. मग घासायच्या आधी सगळ्या अंगावरून वॅक्स काढलं, दोन फडक्यांनी. एक फडकं थिनरात भिजलेलं, दुसरं कोरडं. पहिल्याने हातभर जागा पुसायची आणि ओल असतानाच दुसऱ्याने उचलायची. थिनर वाळू दिलं तर विरघळलेलं वॅक्स होतं तिथेच परत बसतं. फडकी सारखी बदलायची. काकांच्या घरची जुनी लुगडी, धोतरं या कामी संपली. मग पाणी शिंपडून बघितलं. पाण्याचे मणी होऊन ओघळले तर वॅक्स शिल्लक आहे. पाणी अखंड पत्र्यासारखं पसरलं तर निघालं. नाळेजवळ तिसऱ्या खेपेला पाणी पसरलं. त्यानंतरच पॉलिश पेपर हातात घेतला.

तळाचे फोड तासून बशीसारखे उघडले, कडा उतरत्या केल्या, गाडीची लांबी सगळी खरवडून टाकली. आता आतला आंबट द्रव धुऊन निघायला हवा होता आणि त्याला लागतं गोडं पाणी, पुन्हा पुन्हा. पावसाळा म्हणजे कामाची खोटी असं आपण धरतो, पण इथे पाऊसच कामाला आला. मांगराच्या पागोळ्यांखाली पिंप ठेवलं आणि जून ते सप्टेंबर दर दोन-तीन दिवसांनी तळ त्या पाण्याने घासून धुतला. ऑगस्टच्या शेवटी लिटमस लाल व्हायचा थांबला.

धुणं झालं तरी सुकणं राहिलं. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं तसा मांगराचा एक कूड काढून वारा खेळता केला. हाताला कोरडं लागणाऱ्या फायबरवर विश्वास ठेवू नये. तळाला सहा जागी फूटभर लांबरुंद पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचं आणि एक दिवस-रात्र सोडायचं. आत दव धरलं तर अंगात पाणी आहे. १० ऑक्टोबरला धरलं. पंधरा दिवसांनी मागच्या फळीजवळ तेवढं धरलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहाही जागी प्लास्टिक कोरडं निघालं.

या मुक्कामावर काका आणि मी जवळजवळ भांडलो. दिवाळीची गर्दी गेली होती, शेजारच्या होड्या रोज दोन फेऱ्या मारत होत्या आणि त्यांची होडी मांगरात टेकूंवर पडलेली. "अजून किती सुकवतलंस?" ते रोज विचारायचे. त्यांचं नुकसान खरं होतं आणि ते मला दिसत होतं. पण ओल्या तळावर एपॉक्सी (हार्डनर कालवून मारायचं, पाणी अडवणारं रेझिन) मारणं म्हणजे पाणी आत कोंडून वरून टाळं लावणं. मला ती होडी तिसऱ्यांदा रंगवायची नव्हती.

कुठे कोणता रंग

होडीचे आम्ही तीन भाग केले आणि प्रत्येकाचा वेगळा विचार केला.

तळ, म्हणजे पाण्याच्या रेघेखालचा भाग आणि रेघेवर चार बोटं. इथे एपॉक्सीच. जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगली धरते. उलट, एपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने धरत नाही, म्हणून खड्डेही एपॉक्सीच्याच लांबीने भरले. एपॉक्सी उन्हात पिठूळ होते, पण तळाला ऊन कुठून लागणार? तिच्यावर तांब्याचा, शिंपले-कालवं न धरू देणारा रंग. त्यातही दोन जाती आहेत. एक कडक राहणारी आणि दुसरी पाण्यात थोडी थोडी झिजत नवा पदर उघडा करणारी. होडी सलग सात-आठ महिने पाण्यात आणि दर वर्षी मे महिन्यात वर येणार, म्हणून झिजणारी घेतली. कडक जातीचे थर वर्षानुवर्षं साचत जातात आणि शेवटी कोणाला तरी खरवडावे लागतात.

काकांचं म्हणणं, पूर्वीचे तळाचे रंग याहून टिकायचे. त्यात तथ्य आहे. कथिलाचं संयुग असलेले ते रंग भयंकर परिणामकारक होते. फ्रान्सच्या आर्काशॉन उपसागरात त्यांच्यामुळे कालवांची कवचं वेडीवाकडी होऊ लागली, पैदास बसली, आणि १९८२ मध्ये त्या देशाने लहान बोटींवर त्यांना बंदी घातली. पुढे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो लागू झाला. आपल्या खाडीतही ओहोटीला बायका कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) काढतात. तांबंही निरुपद्रवी नाही, म्हणून तळाचा जुना रंग मी कधी कोरडा घासत नाही. ओला घासतो, खाली ताडपत्री घालतो, आणि तो चिखल गोळा करून पोत्यात भरतो. खाडीत एक मूठही जाऊ देत नाही.

पाण्यावरच्या बाजूंसाठी खरी निवड होती. जेलकोट पुन्हा मारता आला असता, पण साच्याबाहेर मारलेला जेलकोट घासून-घासून गुळगुळीत करावा लागतो. साधा ऑइलपेंट स्वस्त, कोणालाही मारता येतो, पण आपल्या उन्हात वर्ष-दीड वर्षात पिठूळ होतो. एका डब्याचा पीयू मधला. दोन डब्यांचा पीयू सगळ्यात टिकाऊ. गाडीवाल्याने वरच्या भागाला निवडलेला रंग जातीने बरोबरच होता. मीही तोच घेतला, खाली एपॉक्सीचं अस्तर घालून.

तिसरा भाग म्हणजे जेटीला आणि शेजारच्या होडीला घासणारा वरचा पट्टा. तिथे मात्र जाणूनबुजून साधा ऑइलपेंट, पीयूच्या वरून. हा पट्टा दर हंगामात खरचटणारच. काकांना तो अर्ध्या दिवसात स्वतः रंगवता यायला हवा. पीयूवर ऑइलपेंट बसतो. उलटं केलं तर पीयूचं जहाल थिनर खालच्या ऑइलपेंटला सुरकुत्या पाडतं.

रंगछटेवरून थोडी ओढाताण झाली. काका म्हणाले, "काळो निळो मारूया, लांबसून उठून दिसतलो." मी त्यांना दुपारी दोन वाजता शेजारच्या गडद निळ्या होडीवर तळवा टेकवायला सांगितला आणि मग पांढऱ्यावर. निळ्यावरचा हात त्यांनी लगेच काढला. गडद रंग इतका तापतो की खालचं रेझिन नरमतं आणि आतल्या काचतंतूंची नक्षी वर उमटायला लागते. होडी पांढरी झाली, पट्टा निळा.

किती रंग लागेल

दुकानदाराला विचारून डबे आणण्यापेक्षा डब्यावरचा एक आकडा बघावा: भरीव भाग, म्हणजे रंग वाळल्यावर उरणारा भाग, किती टक्के. त्याला दहाने गुणायचं आणि वाळल्यावर जितके मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी हवी तितक्याने भागायचं. एका लिटरला तेवढे चौरस मीटर होतात. आमची एपॉक्सी ५० टक्के भरीव आणि एका हाताची, म्हणजे एका थराची, जाडी ६० मायक्रॉन, म्हणजे लिटरला सव्वाआठ चौरस मीटर. रोलरमध्ये, ट्रेमध्ये जाणारं वजा जाता सहा-साडेसहा धरावे. तळ सुमारे १० चौरस मीटर, म्हणजे एका हाताला एक लिटर आणि सहाशे मिली. पाणी अडवायला असे चार हात हवेत, म्हणून सात लिटर आणली. बाजूंचे १२ चौरस मीटर, पीयूचे तीन हात ४० मायक्रॉनचे, चार लिटर पुरला. रंग पातळ करून पुरवला की जाडी पडत नाही आणि तळाला जाडीच पाणी अडवते.

दहिवर आणि खारा वारा

कोकणात रंगाचं वेळापत्रक घड्याळापेक्षा दहिवर, म्हणजे दव, ठरवतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला हवा २२ अंश, आर्द्रता ८८ टक्के. अशा हवेत दव जमतं ते सुमारे २० अंशांना, आणि रात्रभर गारठलेलं होडीचं अंग नेमकं तितकंच थंड. हात फिरवला तर तळवा ओला. साडेदहाला हवा २९, आर्द्रता ५८, अंग २८ अंश. दव जमण्याचा आकडा मात्र अजूनही २०च्या आसपास. अंग त्या आकड्याहून निदान तीन अंश गरम आणि आर्द्रता ८५च्या खाली, ही डब्यावरची अट इथे सहज पुरी होते. पुढे दुपारी खारा वारा वाढतो, वाळू आणि मिठाचा फवारा आणतो. संध्याकाळी दहिवर पडायच्या आत पीयूचा वरचा पदर बांधलेला हवा. म्हणजे मतलई वारा पडल्यापासून खारा वारा जोर धरेपर्यंतचे दोन-अडीच तास आमचे.

तळ आधी केला. एपॉक्सी ३० अंशांच्या हवेत मिनिटांत तापते. भांड्यात एकदम लिटरभर कालवली तर भांडं हातात धरवत नाही आणि रंगाचा दगड होतो. तीनशे-चारशे मिलीच कालवायची आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायची. चार हात चार दिवसांत. सकाळी आदल्या दिवसाच्या थरावर मेणचट पदर आलेला असतो. तो थिनरने जात नाही, साध्या पाण्याने जातो. भांडी घासायच्या हिरव्या घासणीने तळ रोज धुतला, सुकवला, हलका घासला. चौथ्या हाताला मात्र वाळू दिलं नाही. बोट टेकवलं तर ठसा उमटतो पण बोटाला काही लागत नाही, त्या घटकेला तांब्याच्या रंगाचा पहिला हात चढवला. एपॉक्सी आणि तो रंग एकमेकांत बांधले जातात ते तेव्हाच. पहिला हात काळा, दुसरा लाल घेतला, म्हणजे पुढे लालातून काळं दिसू लागलं की झीज कळते. मागच्या इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायाला तांब्याचा रंग लागू दिला नाही. खाऱ्या पाण्यात तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं.

बाजूंना पीयू दोघांनी मिळून मारला. पुढे मी चार इंची स्पंजाच्या रोलरने पातळ पसरत होतो, मागे पुतण्या मऊ ब्रशाचं टोक नुसतं फिरवत बुडबुडे मोडत होता. ब्रश कोरडा, हात हलका, नेहमी ओल्या कडेकडे. एकदा पुढे गेलं की मागे वळून डाग दुरुस्त करायचा नाही. फवारणीने काम अधिक तकतकीत झालं असतं, पण पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फवाऱ्यातून फुफ्फुसात गेलं की काही जणांना कायमचा दमा जडतो, आणि तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो माझ्याकडे नाही. तोंडाला फडकं बांधून पीयू फवारणारी तरुण पोरं मी बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. रोलरने मारतानाही आम्ही वाफेचा मुखवटा आणि हातमोजे काढले नाहीत.

दुसऱ्या हाताच्या दिवशी माझी चूक झाली. एक बाजू एकच्या आत आटोपली. दुसरीला पुतण्या जेवून येईपर्यंत थांबलो आणि तीनला सुरुवात केली. रंग सुरेख बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात बघितलं तर त्या बाजूला मागच्या दोन हात लांबीत चमकच नव्हती, श्वास सोडलेल्या काचेसारखं धुरकट. दहिवराने ओला पीयू गाठला होता. हार्डनर रंगाऐवजी पाण्याशी बोलून बसला की हेच होतं. तेवढा भाग ३२० नंबरच्या पेपरने घासून तिसऱ्या हातात झाकला. एक दिवस गेला. काका काही बोलले नाहीत, चहा मात्र घेऊन आले.

होडी २० डिसेंबरला पाण्यात उतरली. पुढच्या मे महिन्यात वर ओढली तेव्हा मी आधी नाळेजवळ नख लावलं. सुटलं नाही. मागच्या फळीजवळ फोड नव्हते. लालातून काळं फक्त नाळेच्या धारेवर दिसत होतं. आणि तळाला चार जागी, तळव्याएवढ्या चौकोनात, शिंपल्यांचे गच्च झुबके. रंगवताना होडी ज्या टेकूंवर होती, त्यांच्या गाद्यांखालच्या जागा त्या. एपॉक्सीच्या वेळी टेकू हलवले होते, तांब्याच्या रंगाच्या दुसऱ्या हाताला घाईत हलवले नाहीत, आणि पहिला काळा हात गाद्यांच्या दाबाने निघून आला होता. काकांनी पातीने ते झुबके काढले आणि टेकूंच्या नव्या जागा खडूने होडीवर आखून ठेवल्या.